पहिल्या महायुद्धाची रणांगणं आणि दफनभूमी: मुलांना आणि सासऱ्यांना घेऊन जायचंय, सल्ला हवा

सायली_म

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही पाचजण बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सला निघालोय. मी, नवरा, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. वय ७४, गुडघे दुखतात, पण काठी घेऊन बेताबेताने चालतात.

खरं तर सहल त्यांच्यासाठीच ठरवली आहे. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. मागे बायको आणि तान्हा मुलगा, म्हणजे सासऱ्यांचे वडील. घरात एवढंच सांगत आलेत की आजोबा फ्रान्सच्या लढाईत कामी आले. सरकारने पाठवलेली ब्राँझची एक जाड गोल तबकडी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर त्रिशूळ धरलेली बाई, सिंह आणि इंग्रजीत आजोबांचं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. सोबत दोन पदकं आहेत, त्यांच्या रिबिनी केव्हाच कुजून गेल्या. सासऱ्यांची इच्छा एकच: आजोबांचं नाव जिथे कोरलं असेल तिथे एकदा हात लावून यायचं.

तर हे नाव शोधायचं कसं? बेल्जियममधलं ईप्र आणि फ्रान्समधलं सोम, दोन्ही भाग करावेत की एकच? दिवसाला किती ठिकाणं झेपतील? आणि सगळ्यात मोठी शंका मुलाची. मुलगी वाचनवेडी आहे, तिची चिंता नाही. पण नऊ वर्षांच्या मुलाला आठवडाभर कबरींमधून फिरवणं बरोबर आहे का? आमच्याकडे काहीजण म्हणताहेत, सुट्टी आहे, मुलांना कुठेतरी आनंदाच्या जागी न्या. मला तसं वाटत नाही, पण खात्रीही नाही. जाऊन आलेल्यांनी सांगावं.

---

केदार_७९

मुलाबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. आमचा मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही वर्दूनला गेलो होतो. तिथल्या दुओमों अस्थिगृहाला तळाशी छोट्या खिडक्या आहेत, त्यांतून हाडांचे ढीग दिसतात. किमान १,३०,००० अनोळखी फ्रेंच आणि जर्मन सैनिकांचे अवशेष आहेत तिथे. तो तेव्हा काही बोलला नाही, पण पुढे बऱ्याच रात्री दिवा मालवू देईना. उलट कबरींच्या रांगांमध्ये तो आरामात फिरला, नावं वाचत. गवत कापलेलं, प्रत्येक दगडापाशी फुलझाडं, भीती वाटावी असं काही नसतं.

वर्दून तुमच्या वाटेवर नाही. पण संग्रहालयांत जखमींचे फोटो असतात. आधी एकाने आत जाऊन बघून यावं, मग मुलाला न्यावं.

---

रानवाटा

सायलीताई, माझ्या वडिलांना आणि दोन मुलांना घेऊन आम्ही याच भागात फिरलो आहोत. मुलं तेव्हा तुमच्या मुलांएवढीच होती. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचं बघा, हॉटेलं मागाहून. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांतल्या अशा सुमारे १७ लाख मृतांची नोंद तिच्याकडे आहे आणि ती संकेतस्थळावर फुकट शोधता येते. भारतीय सैनिकांच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो, त्यामुळे एकाच नावाचे चौघे निघाले तरी आपला माणूस ओळखता येतो. मात्र स्पेलिंगवर विसंबू नका. ज्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. पवारांचे पोवार होतात, शिंद्यांचे सिंदे होतात, कधी आडनावच नसतं आणि नुसतं पाळण्यातलं नाव असतं. सगळे प्रकार घालून बघा, गावाचं नावही तऱ्हेतऱ्हेने लिहून बघा.

आता एक गोष्ट सांगते, ती सासऱ्यांना सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. 'फ्रान्सच्या लढाईत' हे घरात सांगितलं जातं, पण मराठा पायदळाच्या बहुतेक पलटणी फ्रान्सला गेल्याच नव्हत्या. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. फ्रान्सला गेलेल्यांत मराठे होते ते मुख्यतः बाँबे सॅपर्समध्ये, म्हणजे पूल-खंदक करणाऱ्या तुकड्यांत. तेव्हा आजोबांची पलटण कळल्याशिवाय 'या भिंतीवर नाव आहे' असं मनात धरून जाऊ नका. इतक्या लांब जाऊन एका वृद्ध माणसाला रिकाम्या हाताने उभं राहावं लागलं तर ते फार वाईट.

मुलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: न्या. पण मोठ्या स्मारकापासून सुरुवात करू नका. सोममधल्या तिएपवालच्या स्मारक-कमानीवर ७२,००० हून जास्त नावं आहेत, ज्यांचे देह सापडले वा ओळखता आले नाहीत अशांची. मोठी माणसं तो आकडा ऐकून गप्प होतात. मुलांना मात्र इमारत दिसते, माणूस दिसत नाही. आम्ही सुरुवात ईप्रच्या तटबंदीवरच्या रॅम्पार्ट्स सेमेटरीपासून केली. दोनशेच्या आत कबरी, खाली खंदकाचं पाणी, मोठी झाडं. तिथे मुलांना दगड वाचायला शिकवलं. वर पलटणीचं चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय, मध्ये धर्माचं चिन्ह आणि अगदी तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ. तिला ६६ अक्षरांची मर्यादा होती. जनरल असो की शिपाई, दगड तेवढाच, ८१ सेंटिमीटर उंच, आणि कुणाचाही देह घरी पाठवायचा नाही हा नियम सगळ्यांना सारखा. हे नियम ठरले तेव्हा इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांनी केवढा विरोध केला होता, हे मी मुलांना तिथेच सांगितलं.

माझे वडील शाळामास्तर होते. ते तळाच्या ओळी वाचून मुलांना मराठीत सांगत चालले. कुठे आईने लिहिलेली, कुठे बायकोने, कुठे बायबलमधली. थोड्या वेळाने मुलगा धावत आला, "आजोबा, या लोकांच्या घरच्यांनी काहीच लिहिलं नाही." न्यूझीलंडचे सैनिक होते ते. त्यांच्या सरकारने अशी ओळ कोरायला परवानगीच दिली नव्हती, पैशावरून घराघरांत फरक दिसू नये म्हणून. नऊ वर्षांचं पोर हे स्वतःच्या डोळ्यांनी टिपतं, तेव्हा 'कंटाळेल का' हा प्रश्न उरत नाही.

एसेक्स फार्म चुकवू नका. ईप्रपासून अगदी जवळ, रस्त्याला लागून आहे. शेजारी काँक्रीटच्या खोल्या आहेत, जखमींवर मलमपट्टी करायच्या. कॅनडाचा लष्करी डॉक्टर जॉन मक्रे मे १९१५ मध्ये इथेच कामाला होता. खसखशीच्या लाल फुलांवरची त्याची कविता त्याच दिवसांतली, आणि शहीदांच्या स्मरणार्थ ते फूल लावायची पद्धत तिच्यामुळेच पडली. याच दफनभूमीत रायफल ब्रिगेडच्या स्ट्रडविक नावाच्या शिपायाची कबर आहे. मृत्यू १४ जानेवारी १९१६, वय १५. माझी मुलगी तेव्हा चौदाची होती. तिने दगडावरचं वय पुन्हा पुन्हा वाचलं आणि "याला घेतलं कसं?" म्हणून मला धारेवर धरलं. वय खोटं सांगून भरती होणारी मुलं, ते कळूनही डोळेझाक करणारे अधिकारी, सगळं सांगावं लागलं. सकाळी लवकर जा, नंतर शाळांच्या बसेस येतात.

आणि लांगेमार्कला जाच. ती जर्मनांची दफनभूमी आहे. ओकची झाडं, अंधारी सावली, जमिनीला टेकलेले सपाट दगड, त्यांवर नावं दाटीवाटीने. ४४,००० हून जास्त माणसं तिथे पुरली आहेत, त्यांतली जवळपास २५,००० एकाच सामूहिक कबरीत. मुलाने विचारलं, "हे तर शत्रू होते ना?" वडिलांनी उत्तर दिलं नाही. खाली वाकून तिथलीही नावं ते तेवढाच वेळ घेऊन वाचत राहिले. मुलगा मग त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. इंग्रजांच्या बागांसारख्या दफनभूमी बघून झाल्यावर ही जागा बघितली नाही तर हरलेल्यांचं दुःख मुलांना कळणारच नाही, असं मला मनापासून वाटतं.

टाइन कॉट ही जगातली सर्वांत मोठी कॉमनवेल्थ वॉर सेमेटरी. जवळपास १२,००० कबरी, त्यांतल्या ८,३०० हून जास्त अनोळखी. लहान जागा बघून झाल्यावर इथे आलात तर मुलांना तो पसारा आपोआप समजतो, कारण एका दगडामागे काय असतं ते त्यांना तोवर कळलेलं असतं. उतारावर आहे, सासऱ्यांना वरपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नका.

आता नव-शापेल. तुमचं फ्रान्सचं जे काही ठरेल त्यात हे असलंच पाहिजे. १० मार्च १९१५ ला इथे ब्रिटिश आणि भारतीय फौजांनी मिळून हल्ला केला, हल्ल्यातली जवळपास निम्मी माणसं भारतीय होती. पहिल्या काही तासांत गाव घेतलं आणि मग पुढचे हुकूम पोचेनात, टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, तोफगोळे संपत आलेले. तीन दिवसांत भारतीय कोअरची ४,००० हून जास्त माणसं मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. आज तिथे चौरस्त्यावर भारतीय स्मारक आहे. हर्बर्ट बेकर यांनी रचना केली, ऑक्टोबर १९२७ मध्ये उद्घाटन झालं. गोल आवार, एका बाजूला सांचीच्या कठड्यासारखी दगडी जाळी, मध्ये १५ मीटर उंच स्तंभ आणि त्याच्या पायथ्याशी दोन दगडी वाघ. स्तंभावर 'देव एक आहे, विजय त्याचाच' अशा अर्थाचं वचन इंग्रजीत कोरलंय, आणि तसंच अरबी, हिंदी आणि पंजाबीतही. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं, पलटणवार लावलेली.

आमच्या घरातलं कुणी त्या भिंतीवर नाही. तरी वडिलांनी सॅपर्स अँड मायनर्सचा तक्ता शोधून काढला. २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावात ४७ व्या शीख पलटणीबरोबर बाँबे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या घुसल्या होत्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी कारागीर माणसं, त्यांना संगिनी लावून पायदळासारखं लढवलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही कंपन्यांची वाताहत झाली होती. वडिलांनी तिथली नावं मोठ्याने वाचली. चाळीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेला माणूस, त्याच आवाजात वाचत होता. आम्ही चौघं मागे उभे होतो. आसपास दुसरं कुणी नव्हतं, रस्त्यावरून ऊस नव्हे, बीटाचे ट्रॅक्टर जात होते.

मुलगी विचारेल म्हणून सांगून ठेवते: यांच्या कबरी का नाहीत? हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य तिथे अग्नी दिला जाई, आणि पुष्कळांचे देह तोफांच्या माऱ्यात सापडलेच नाहीत. म्हणून आपली माणसं तिथे जास्त करून नावांच्या रूपातच भेटतात. त्या तीन-चार वर्षांत सव्वा लाखाहून जास्त भारतीय फ्रान्स आणि बेल्जियममध्ये येऊन गेले, हे आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी नीट वाचल्याचं आठवत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

सोमसाठी एक दिवस मिळाला तर बोमाँ-हामेल आणि तिएपवाल, बस. बोमाँ-हामेलला मूळ खंदक गवताखाली जसेच्या तसे ठेवलेत. १ जुलै १९१६ ला न्यूफाउंडलंडची पलटण तिथून निघाली, सुमारे ८०० माणसं, दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ होती. त्या एका दिवशी ब्रिटिश फौजेचे १९,२४० मेले. नकाशा हातात असून न समजलेली गोष्ट तो उतार उतरताना पायांना समजते: अंतर किती थोडं आहे आणि आडोसा कसा अजिबात नाही. दिल्लीचं इंडिया गेट ज्या लट्येन्सने केलं त्यानेच तिएपवाल केलंय, हे सासऱ्यांना सांगा. लॉखनागरचा सुरुंगाचा खड्डा मुलांना आवडेल, सुमारे १०० मीटर रुंद आहे, कडेने फिरता येतं.

मुलांना एकच कडक सूचना द्या. शेताच्या बांधावर, विजेच्या खांबापाशी गंजलेली लोखंडी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, पायानेही ढकलायची नाही. शंभर वर्षं झाली तरी नांगरटीत जिवंत तोफगोळे निघतात. शेतकरी ते कडेला ठेवतात, लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते.

दिवसाला दोन ठिकाणं, फार तर तीन. दुपारी मुलांना खेळू द्या.

---

माजी_सिग्नल्स

सायलीताई, पलटण घरातच सापडेल. ती गोल तबकडी सगळ्या मृतांच्या घरी एकसारखी गेली, तिच्यावर मुद्दामच हुद्दा घातला नव्हता. पण पदकं उभी धरून त्यांची कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरं बारीक असतात, भिंग आणि तिरपा उजेड लागेल. तारेच्या आकाराचं पदक असेल तर त्याच्या पाठीवर बघा.

ब्रासोने घासू नका. वर्षानुवर्षं घासून पुष्कळ घरांत ही अक्षरं पुसून गेली आहेत. मऊ फडक्याने धूळ काढा, तेवढं पुरे.

सुभेदार साहेबांना माझा रामराम सांगा.

---

गेंटकर

मी या भागात राहतो. थोडं व्यवहाराचं.

गाडी भाड्याने घ्या, बसने ही ठिकाणं होत नाहीत. पाट्यांचा गोंधळ आधीच लक्षात घ्या: ईप्रची पाटी बेल्जियममध्ये 'ईपर' अशी असते आणि फ्रान्समधल्या लीलची पाटी फ्लेमिश भागात 'रेसल' अशी. मुक्काम ईप्रमध्येच करा, तिथून नव-शापेल तासाभराच्या आत आहे. सोम मात्र तिथून शंभरेक किलोमीटर, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

दफनभूमींना तिकीट नसतं. लहान जागी स्वच्छतागृह नसतं, पाणी नसतं, सावलीही बेताची. टाइन कॉट, तिएपवाल आणि बोमाँ-हामेलला अभ्यागत केंद्रं आहेत, तिथे सोय होते. काही लहान दफनभूमी शेतातून गवताच्या वाटेने जाव्या लागतात. पाऊस पडून गेला असेल तर काठीवाल्या माणसाला तिथे नेऊ नका, चिखल चिकट असतो.

कमिशनच्या बहुतेक दफनभूमींच्या भिंतीत एक छोटं धातूचं दार असतं. त्यात कबरींची यादी आणि अभ्यागतांची वही असते. मुलांना ते दार शोधायला सांगा, माझ्या पुतण्यांना ते काम फार आवडतं.

---

सायली_म

सगळ्यांचे मनापासून आभार. माजी_सिग्नल्स काका, तुमचा निरोप वाचून सासऱ्यांनी लगेच पेटी काढली. मुलीने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला आणि मुलाने अक्षर अक्षर वाचलं. क्रमांक, सिपॉय, नाव, आणि पुढे ११७ मराठाज.

रानवाटा, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. कमिशनच्या संकेतस्थळावर शोधलं. आडनावाने मिळालं नाही, नुसत्या नावाने मिळालं. वडिलांचं नाव जुळलं, गाव जुळलं. मृत्यू जुलै १९१६. स्मारक: बसरा.

सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आजी जन्मभर चुकीच्या देशाकडे बघत बसली." आम्हाला काय बोलावं सुचेना. नवरा म्हणाला सहल पुढे ढकलू. सासरे नको म्हणाले. पण आता तिथे जाऊन त्यांना काय मिळणार, हे मला कळत नाहीये. बसऱ्याला नाव कोरलेलं असेल का, तिथला फोटो तरी मिळेल का?

---

रानवाटा

सायलीताई, वाचून गलबलून आलं. जेवढं मला माहीत आहे तेवढं सांगते, काही गोड करून सांगत नाही.

११७ वी पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती. ती डिव्हिजन टायग्रिस नदीने वर बगदादच्या दिशेने गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडली आणि मागे फिरून कुतमध्ये वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत उपासमार, बाहेरून सोडवायला आलेल्या फौजा पुरात आणि चिखलात अडकलेल्या. शेवटी सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या हाती गेली आणि त्यांना उन्हाळ्यात वाळवंटातून पायी चालवलं. जुलै १९१६ ही तारीख बघता आजोबा त्या कैदेत गेले असण्याची शक्यता बरीच आहे. पलटणीची इतर माणसं कुतबाहेरही होती, त्यामुळे खात्रीने म्हणता येणार नाही.

बसरा स्मारकावर ४०,००० हून जास्त जणांची आठवण आहे. पण भारतीय सैनिकांपैकी तिथे फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. शिपायांची कोरली नाहीत, पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या घातली. नावं यादीत आहेत, दगडावर नाहीत. एकीकडे जनरल आणि शिपाई यांना एकच दगड देणारी हीच संस्था, आणि इकडे आपल्या माणसांची अशी बोळवण. कमिशनने स्वतःच २०२१ मध्ये अहवाल काढून हे मान्य केलं आणि माफी मागितली. स्मारकही १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलंय. ते पाहायला कुटुंब घेऊन जायची जागा ती नाही.

मग नव-शापेलला का जायचं? कारण सासरे नुसते नातू नाहीत, सुभेदार आहेत. त्या भिंतीवरची माणसं त्यांच्या फौजेची आहेत. आणि तिथे अभ्यागतांची वही आहे. त्यांनी स्वतःच्या हाताने, देवनागरीत, आजोबांचा क्रमांक, नाव, ११७ मराठा, गाव आणि साल लिहावं. मुलांनी खाली आपली नावं लिहावी. दगडावर नाही, मान्य आहे, पण भारतीय सैनिकांसाठी उभारलेल्या जागी ते नाव घरच्या माणसाच्या अक्षरात असेल.

दुसरं काम आजच करा. तबकडीचा, पदकाच्या कडेचा आणि गावच्या काही कागदपत्रांचा फोटो काढून कमिशनला लिहा. नोंदीतलं स्पेलिंग दुरुस्त करायला सांगा, आडनाव घालायला सांगा. पुरावा दिला तर ते नोंदी दुरुस्त करतात. पुढे कधी त्या शिपायांची नावं कोरायची वेळ आली तर ती नीट कोरली जावीत.

---

सायली_म

सासऱ्यांना वाचून दाखवलं. "वहीत मीच लिहिणार, पेन माझं असेल," म्हणाले. कमिशनला पत्र मुलगी लिहितेय, इंग्रजी तिचं चांगलं आहे, मजकूर ते सांगताहेत.

आता असं ठरलंय: मुक्काम ईप्रला, पहिल्या संध्याकाळी रॅम्पार्ट्स, मग एसेक्स फार्म, लांगेमार्क, टाइन कॉट सावकाश, एक अख्खा दिवस नव-शापेलसाठी. सोम बहुधा सोडू, त्यांना गाडीतून इतका प्रवास नको. एकच राहिलं. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली रात्री बिगुल वाजतो तिथे उभं राहावं लागतं का? त्यांना पंधरा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही.

---

गेंटकर

रोज रात्री बरोबर आठला 'लास्ट पोस्ट' वाजते. १९२८ पासून चालू आहे, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गाव होतं तेवढाच खंड पडला. वाजवणारे गावचेच लोक, अग्निशमन दलाच्या परंपरेतले. रस्ता थोडा वेळ बंद करतात. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे मुलांना आधी सांगा.

बसायला जागा नसते आणि गर्दी लवकर जमते. घडीचं स्टूल बरोबर आणा आणि साडेसातच्या आत कमानीखाली पोचा. पुढच्या रांगेतल्या माणसांना सांगितलंत तर वयस्कांना जागा करून देतात, मी स्वतः पाहिलंय. कमानीवरच्या ५४,००० हून जास्त नावांत ४०० हून जास्त भारतीय आहेत, आणि जवळच तटावर भारतीय सैनिकांचं वेगळं छोटं स्मारकही आहे. ते दिवसा उजेडात बघून घ्या. शनिवार-रविवार आणि लांब सुट्टीचे दिवस टाळा, मे महिन्यात इथे तशा सुट्ट्या बऱ्याच असतात, तारखा नक्की झाल्या की मला कळवा, मी बघून सांगतो.